ऑप्टिकल केबलवर सिनेमा ५.१ वाजतो, गेम मात्र स्टिरिओच. असं का?

खडखडाट

मंडळी, डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरच्या ऑप्टिकल आउटमधून केबल थेट ए/व्ही रिसीव्हरला जोडली आहे. पाच स्पीकर आणि एक सबवूफर. डीव्हीडी किंवा डॉल्बी ट्रॅक असलेली फाइल लावली की रिसीव्हरच्या पट्टीवर 'डॉल्बी डी' उमटतं आणि मागचे दोन्ही स्पीकर नीट वेगवेगळे बोलतात. गेम सुरू केला की तिथेच 'पीसीएम' (न दाबलेला डिजिटल आवाज) दिसतं आणि मागे सामसूम. रिसीव्हरवर प्रो लॉजिक (स्टिरिओ ताणून मागचे चॅनल बनवणारी सोय) लावलं तर मागून काहीतरी येतं, पण पाठीमागून येणारी पावलं समोरच्या स्पीकरांतही वाजतात, त्यामुळे शत्रू कुठे आहे ते कळत नाही.

विंडोजमध्ये एवढं पाहून झालं आहे: डिजिटल आउटपुट डिफॉल्ट आहे, त्याचं 'कॉन्फिगर' बटण करडं आहे, दाबता येत नाही. 'सपोर्टेड फॉरमॅट्स'मध्ये डॉल्बी आणि डीटीएस (आवाज दाबून पाठवण्याच्या दोन पद्धती) दोन्हींवर टिक आहे, आणि तिथलं 'टेस्ट' दाबलं की सगळे स्पीकर वाजतात. गेमच्या मेनूत ५.१ निवडलेलं आहे.

टेस्ट पास होते तर गेमचं घोडं कुठे अडतं? केबल बदलू, साउंड कार्ड घेऊ, की एचडीएमआयवर जाऊ? वेगवेगळ्या सहा चॅनलचा खरा आवाज हवा आहे, ओढूनताणून केलेला नको.

कानसेन

केबलला हात लावू नका, तिचा काही दोष नाही.

एसपीडिफ, म्हणजे तुमच्या ऑप्टिकल आउटमागचं डिजिटल आवाजाचं मानक, हे मुळात दोन चॅनलसाठी बनलेलं आहे, मग ते ऑप्टिकल असो की कोअ‍ॅक्सियल. प्रत्येक नमुन्याला दोन खाने, एक डावा आणि एक उजवा, प्रत्येकी ३२ बिटांचे. ४८ किलोहर्ट्झला हिशेब केला तर २ × ३२ × ४८,००० म्हणजे सेकंदाला ३.०७२ मेगाबिट, आणि यातही काही बिट नियंत्रणासाठीच जातात. आता सहा चॅनलचा १६ बिटांचा साधा पीसीएम घ्या: ६ × १६ × ४८,००० म्हणजे ४.६०८ मेगाबिट. मावतच नाही. महागडी केबल आणली तरी खाने दोनच राहणार.

मग सिनेमा कसा वाजतो? डिस्कवरचा डॉल्बी ट्रॅक आधीच दाबून बांधलेला असतो. डीव्हीडीवर तो जास्तीत जास्त ४४८ किलोबिटांचा. ही बांधलेली पुरचुंडी त्याच दोन खान्यांत भरून जशीच्या तशी पुढे ढकलली जाते आणि रिसीव्हर ती सोडतो. संगणक त्यात फक्त हमालाचं काम करतो. 'टेस्ट' बटणही हेच करतं, विंडोजजवळ तयार असलेला एक बांधलेला तुकडा वाजवतं. त्यातून रिसीव्हरला डॉल्बी सोडता येतं एवढंच सिद्ध होतं. गेमबद्दल ते काहीच सांगत नाही, आणि बहुतेक लोक इथेच फसतात.

गेमचा आवाज आधीपासून बांधलेला नसतो. तुम्ही मान वळवली की पावलांची जागा बदलते, म्हणून सहा चॅनल त्या क्षणी तयार होतात, आणि तेही उघड्या पीसीएममध्ये. गेम विंडोजला विचारतो, समोरच्या उपकरणाला किती चॅनल आहेत? एसपीडिफ म्हणतं दोन. गेम निमूटपणे दोनात मिसळून देतो. 'कॉन्फिगर' करडं आहे ते याचमुळे, बिघाड म्हणून नव्हे.

थोडक्यात, मध्ये कोणीतरी ती पुरचुंडी जागच्या जागी बांधायला हवी, नाहीतर रस्ताच बदलायला हवा.

तारतम्य

+१. रस्ता बदलणं सोपं, म्हणून ते आधी सांगतो.

एचडीएमआयमधून आठ चॅनलचा न दाबलेला पीसीएम जातो, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत. बांधाबांध नाही, एन्कोडर नाही, परवान्याची भानगड नाही. ग्राफिक्स कार्डचं दुसरं एचडीएमआय रिसीव्हरला जोडा, मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर राहू द्या. साउंड पॅनलमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या नावाचं आणि रिसीव्हरच्या नावाचं एक नवं उपकरण दिसेल. ते डिफॉल्ट करा, 'कॉन्फिगर'मधून ५.१ निवडा (इथे बटण काळं असेल), प्रत्येक स्पीकरवर क्लिक करून तो तोच वाजतो का पाहा. मग गेम सुरू करा. रिसीव्हरवर 'मल्टी चॅनल' किंवा 'मल्टी पीसीएम' असं काहीतरी यायला हवं.

आता यातली गोम. एचडीएमआयवर आवाज एकटा प्रवास करत नाही, चित्रासोबतच जातो. त्यामुळे विंडोजला रिसीव्हर म्हणजे दुसरा मॉनिटर वाटतो. 'डुप्लिकेट' केलं तर दोन्हीकडे चालेल असा समाईक रिफ्रेश रेट धरला जातो आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर येऊन बसू शकतो. म्हणून 'एक्स्टेंड' ठेवा. माऊस त्या न दिसणाऱ्या पडद्यावर पळून जाऊ नये म्हणून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये तो चौकोन ओढून मुख्य पडद्याच्या कोपऱ्याला फक्त टोक टेकेल असा तिरका लावा. मग माऊस निसटायला एक टिंबाएवढी जागा उरते.

त्या भुताटकीच्या पडद्याचं रिझोल्युशन कमी करायला हरकत नाही, पण १२८० × ७२० च्या खाली जाऊ नका. आवाजाची पाकिटं चित्राच्या मधल्या रिकाम्या वेळात बसवलेली असतात. चित्र फार लहान केलं की तो वेळही आखडतो.

रिसीव्हर आधी चालू, गेम नंतर. रिसीव्हर बंद असेल तर ते उपकरण विंडोजमधून गायबच होतं आणि गेम दुसरं काहीतरी धरून बसतो.

ग्राफिक्स कार्ड अगदी जुनं असेल तर मात्र सावध. एनव्हिडियाच्या जीटीएक्स २०० पर्यंतच्या कार्डांत एचडीएमआयचा आवाज मदरबोर्डवरून दोन पिनांच्या एसपीडिफ वायरने आत घ्यावा लागे. बाहेर एचडीएमआय, आत तेच दोन खाने. रेडिऑनमध्ये आठ चॅनलचा पीसीएम एचडी ४००० मालिकेपासून आला.

बोलका_भोपळा

मध्येच घुसतो, पण प्रश्न याच्याच जवळचा आहे. पीसी एचडीएमआयने टीव्हीला, आणि टीव्हीच्या ऑप्टिकलमधून ५.१ साउंडबारला. इथे एचडीएमआय आहे ना, मग विंडोज फक्त 'स्टिरिओ' का दाखवतं?

तारतम्य

कारण पीसी टीव्हीशी बोलतोय, साउंडबारशी नाही. जोडणी होताना टीव्ही आपली ओळखपत्रिका पाठवतो, तिला ईडीआयडी म्हणतात. 'मला पीसीएमचे दोन चॅनल चालतात' असं तिच्यात लिहिलेलं असेल तर विंडोज तिसरा देत नाही. आणि समजा दिले, तरी पुढे टीव्हीचं ऑप्टिकल आहेच, म्हणजे पुन्हा कानसेन यांनी सांगितलेले दोन खाने.

साधं एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच साउंडबारकडे नेणारी सोय) घेऊनही सुटका नाही. त्यातून बांधलेलं ५.१ किंवा उघडे दोन चॅनल, एवढंच जातं. टीव्ही आणि साउंडबार दोन्हींकडे ईएआरसी, म्हणजे त्याची सुधारित आवृत्ती, असेल तर आठ चॅनलचा उघडा पीसीएम जातो. नाहीतर साउंडबारला स्वतःचं एचडीएमआय इनपुट आहे का बघा आणि पीसी आधी तिथे लावा, टीव्ही त्याच्या पुढे.

बाजारात एचडीएमआयमधून ऑप्टिकल वेगळं काढणारे डबे मिळतात. त्यावर एक बारीक खटका असतो: '२ सीएच', '५.१', 'पास'. लोक हौसेने तो ५.१ वर सरकवतात आणि आवाज पूर्ण बंद होतो. डबा पीसीला सांगतो सहा चॅनल चालतील, पीसी सहा उघडे चॅनल पाठवतो, आणि ऑप्टिकलमध्ये ते घुसत नाहीत. डबा दाबण्याचं काम करत नाही, तो फक्त आवाज वेगळा काढून देतो.

खडखडाट

फार उपयोगी माहिती, आभार. पण माझं एचडीएमआयचं स्वप्न भंगलं. रिसीव्हरच्या मागे दोन एचडीएमआय इनपुट आहेत खरे, पण मॅन्युअलमध्ये 'पास-थ्रू, आवाज टीव्हीकडे जाईल' असं लिहिलंय. म्हणजे तो एचडीएमआयमधला आवाज घेतच नाही ना? मागे सहा आरसीए सॉकेटांची एक रांगही आहे, 'मल्टी सीएच इन' नावाची.

कानसेन

बरोबर वाचलंत. सुरुवातीच्या काही रिसीव्हरांत एचडीएमआय म्हणजे नुसता चित्राचा स्विच असे, आवाज आत उतरतच नसे. तुमच्याकडे आता दोन वाटा उरल्या: जागच्या जागी बांधणारा एन्कोडर, किंवा ती सहा सॉकेटं.

एन्कोडरची दोन नावं लक्षात ठेवा, 'डॉल्बी डिजिटल लाइव्ह' आणि 'डीटीएस कनेक्ट'. साउंड कार्डच्या खोक्यावर नुसतं 'डॉल्बी डिजिटल' असेल तर त्याचा अर्थ हमाली करता येते, एवढाच. 'लाइव्ह' हा शब्द हवा. डीटीएस कनेक्टमध्ये दोन गोष्टी एकत्र येतात: 'इंटरॅक्टिव्ह' म्हणजे खरा एन्कोडर, आणि 'निओ पीसी' म्हणजे स्टिरिओ ताणून सहा करणारं. तुमच्या कामाचा पहिला.

हे तंत्र नवं नाही. २००१ साली आलेल्या एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसेटमध्ये डॉल्बीचा एन्कोडर मदरबोर्डवरच होता, आणि पहिल्या एक्सबॉक्सनेही तेच केलं. पुढे तो सरसकट न राहण्याचं कारण तांत्रिक कमी आणि परवान्याचं जास्त. आजही एकच साउंड चिप दोन मदरबोर्डांवर असते, एकावर 'लाइव्ह' मिळतं, दुसऱ्यावर नाही, कारण दुसऱ्याच्या उत्पादकाने परवान्याचे पैसे भरलेले नसतात. म्हणून आधी तुमच्या मदरबोर्डच्या तपशिलांचं पान वाचा. फुकटात असेल तर कार्ड कशाला?

निद्रानाश

चालू करायची पद्धत दोन प्रकारची असते आणि त्यांची सरमिसळ केली की काहीच वाजत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला प्रकार, मदरबोर्डवरच्या चिपा. प्लेबॅक यादीत डिजिटल आउटपुट डिफॉल्ट करा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' टॅब, तिथल्या 'डिफॉल्ट फॉरमॅट' यादीत १६ बिट, २४ बिट वगैरेंच्या खाली 'डॉल्बी डिजिटल लाइव्ह (५.१ सराउंड)' अशी ओळ दिसते. ती निवडून 'अप्लाय' करा. त्याच क्षणी रिसीव्हरची पट्टी 'पीसीएम'वरून 'डॉल्बी डी'वर उडी मारते, काहीही वाजत नसताना. नाही मारली तर पुढे जाण्यात अर्थ नाही. ही ओळ यादीतच नसेल तर तुमच्या ड्रायव्हरला परवाना नाही.

दुसरा प्रकार, वेगळी साउंड कार्डं. यांतल्या काहींत डिफॉल्ट 'स्पीकर्स' ठेवायचं असतं, डिजिटल आउटपुट नव्हे. स्पीकर्सना ५.१ करायचं आणि कार्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एन्कोडर' असं पान शोधून डॉल्बी निवडायचं. ड्रायव्हर ॲनालॉग सहा चॅनल उचलतो, बांधतो आणि ऑप्टिकलने बाहेर सोडतो. इथे सवयीने डिजिटल आउटपुट डिफॉल्ट केलंत की एन्कोडर वळसा घालून बाजूला पडतो आणि पुन्हा 'पीसीएम'.

दोन्हींत ७.१ निवडायचा मोह टाळा. एन्कोडर सहाच चॅनल बांधतो. गेम आठ देऊ लागला तर जादाचे दोन कुठे जातील ते ड्रायव्हरच्या मर्जीवर, आणि ऐन बाजूचे आवाज हरवल्यासारखे होतात.

हेडफोनसाठीचा 'स्पेशियल साउंड' बंद ठेवा. गेममध्येही 'हेडफोन' असेल तर 'होम थिएटर' किंवा 'स्पीकर्स' करा. हेडफोनची प्रक्रिया कानाच्या पाळीचा परिणाम दोन चॅनलमध्ये मिसळते. तो आवाज खोलीतल्या पाच स्पीकरांवर वाजवला की सगळंच पातळ होतं.

बऱ्याच गेम चॅनलची चौकशी सुरू होतानाच एकदा करतात. सेटिंग बदललं की गेम पूर्ण बंद करून पुन्हा लावा.

खडखडाट

मदरबोर्डच्या यादीत ती ओळ आहे! निवडली, पट्टीवर 'डॉल्बी डी' आलं, पाचही स्पीकरांचे छोटे दिवे लागले. पण एका गेममध्ये मागचे अजूनही गप्प. दिवे तर लागलेत!

कानसेन

त्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. सिनेमात ते ट्रॅकमध्ये काय आहे ते सांगतात. लाइव्ह एन्कोडर मात्र कायम सहा कप्प्यांचाच डबा भरतो, गेमने दोनच चॅनल दिले तरी. मग उरलेल्या चार कप्प्यांत शांतता बांधून पाठवली जाते आणि दिवे तसेच जळत राहतात.

खरी परीक्षा अशी. आधी रिसीव्हरवर प्रो लॉजिक वगैरे सगळं बंद करा. गेममध्ये सतत वाजणारं, जागेवरून न हलणारं काहीतरी शोधा: रेडिओ, धबधबा, जनरेटर. त्याच्याकडे तोंड करून उभे राहा आणि माऊसने अगदी सावकाश पूर्ण गिरकी घ्या. आवाज मधल्या स्पीकरवरून एका बाजूला, मग मागच्या एका, मग मागच्या दुसऱ्या, आणि फिरून समोर असा चालत गेला पाहिजे. अर्ध्या गिरकीला तो जवळपास पूर्ण मागे हवा. उठून मागच्या स्पीकरला कान लावा, मग समोरच्याला. समोरही तेवढाच येत असेल तर गेम स्टिरिओच देतोय.

तो गेम जुना आहे का?

खडखडाट

हो, एक्सपीच्या काळातला. नव्या दोन गेम तुम्ही सांगितलेल्या गिरकीत छान पास झाल्या.

निद्रानाश

मग एन्कोडरचा यात दोष नाही. त्या काळच्या गेम डायरेक्टसाउंड थ्रीडी (विंडोजची जुनी ध्वनिप्रणाली) वापरून साउंड कार्डच्या हार्डवेअरकडे काम सोपवत. व्हिस्टाने २००७ मध्ये तो मार्गच काढून टाकला. गेमला हार्डवेअर सापडत नाही, म्हणून ती साध्या स्टिरिओवर उतरते आणि ईएएक्सचे (साउंड कार्डवरच्या घुमण्यासारख्या परिणामांचे) पर्यायही करडे होतात.

उपाय म्हणजे मध्ये दुभाषा बसवणं. 'डीएसओएएल' नावाची एक मोफत डीएलएल आहे, ती डायरेक्टसाउंडची हाक ओपनएएल या दुसऱ्या ध्वनिप्रणालीच्या भाषेत बदलते, आणि पुढे 'ओपनएएल सॉफ्ट' ते सहा चॅनलमध्ये मिसळतं. दोन्हींच्या फायली गेमच्या मुख्य एक्झी फाइलच्या शेजारी टाकायच्या, विंडोजच्या सिस्टम फोल्डरमध्ये नव्हे. ओपनएएल सॉफ्टच्या सेटिंग्जमध्ये चॅनलच्या जागी 'सराउंड ५१' ठरवून द्या, आपोआपवर सोडू नका. हेडफोनचं एचआरटीएफ (तीच कानाच्या पाळीची प्रक्रिया) तिथेही बंद. ३२ बिटांच्या गेमला ३२ बिटांचीच डीएलएल लागते. चुकीची टाकली तर दुभाषा चालणार नाही.

बोलका_भोपळा

ज्यांच्या यादीत ती ओळ नाही त्यांच्यासाठी नेटवर बदललेले ड्रायव्हर फिरतात ना? ते टाकले की ओळ येते म्हणे.

तारतम्य

येते, आणि सोबत काय येतं तेही ऐका. बदललेल्या ड्रायव्हरची सही तुटलेली असते, म्हणून विंडोजची सहीची तपासणी बंद करावी लागते किंवा 'टेस्ट मोड'मध्ये चालवावं लागतं. अनेक ऑनलाइन गेमचे अँटी-चीट टेस्ट मोड दिसला की गेम उघडूच देत नाहीत. शिवाय विंडोज अपडेट एखाद्या रात्री मूळ ड्रायव्हर परत बसवून जातं. आणि अनोळखी माणसाने बदललेला ड्रायव्हर कर्नलमध्ये घालायचा, हा सौदा आवाजासाठी महागच. परवाना असलेलं यूएसबी कार्ड घ्या आणि निवांत राहा.

लिनक्सवाल्यांना हा त्रास नाही. अल्सा या लिनक्सच्या ध्वनिप्रणालीच्या प्लगइनांत 'ए५२' नावाचा डॉल्बी एन्कोडर आहे, काही डिस्ट्रोंमध्ये त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. बिटरेट आपोआप ४४८ असतो, तो ६४० करून घ्या. एसपीडिफचा 'नॉन-ऑडिओ' बिट लावायला मात्र विसरू नका. तो नसेल तर रिसीव्हर त्या पुरचुंडीलाच पीसीएम समजून वाजवतो आणि पूर्ण ताकदीचा खरखराट येतो. पहिल्या प्रयत्नाला रिसीव्हरचा आवाज अगदी खाली ठेवा, ट्वीटर वाचतील.

खडखडाट

जुना गेमही गिरकीत पास झाला. एक शेवटचं. बंदुकीचा आवाज क्लिकपेक्षा किंचित मागे वाटतो. मनाचे खेळ?

कानसेन

मनाचे नाहीत. डॉल्बीची एक फ्रेम म्हणजे १,५३६ नमुने, ४८ किलोहर्ट्झला बरोबर ३२ मिलिसेकंद. एवढे नमुने जमल्याशिवाय गाठ बांधता येत नाही, आणि सोडणारा रिसीव्हरही आपला वेळ घेतो. सिनेमात प्लेयर चित्र तेवढंच मागे ठेवून हे झाकतो, गेममध्ये ती सोय नाही.

यादीत 'डीटीएस इंटरॅक्टिव्ह' असेल तर तो लावून बघा. त्याची फ्रेम साधारणपणे ५१२ नमुन्यांची, म्हणजे ११ मिलिसेकंदांच्या आत, आणि बिटरेटही डॉल्बीच्या ६४० किलोबिटांच्या दुपटीहून जास्त. रिसीव्हरमधलं 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' शून्यावर आहे ना तेही बघा, सिनेमासाठी कधीतरी वाढवलेलं तसंच राहतं.

तरीही खुपलं तर ती सहा सॉकेटं आहेतच. ३.५ मिमी ते दोन आरसीए अशा तीन केबली: हिरव्यातून पुढचे दोन, काळ्यातून मागचे दोन, नारिंगीतून मधला आणि सबवूफर. मदरबोर्डला तीनच जॅक असतील तर ड्रायव्हर निळ्या आणि गुलाबी जॅकचं काम बदलून देतो. मधला आणि सबवूफर एकाच केबलवर असल्याने त्यांची अदलाबदल हमखास होते. संवाद सबवूफरमधून गुरगुरत आले तर दोन आरसीए पिना उलट करा. विलंब नगण्य, पण त्या सॉकेटांवरचा आवाज बहुतेक रिसीव्हर डिजिटलमध्ये न घेता थेट पुढे सोडतात, त्यामुळे छोट्या स्पीकरांचा खालचा आवाज सबकडे वळवण्याची ८० हर्ट्झची वाटणी तिथे चालत नाही. ती ड्रायव्हरच्या 'बास मॅनेजमेंट'मध्ये करावी लागेल. आणि ऑप्टिकलमध्ये जी कधीच येत नाही ती अर्थिंगची घरघर इथे येऊ शकते.

खडखडाट

डीटीएस लावलं. क्लिक आणि बंदूक आता एकत्र. लिप सिंक ४० वर होतं, ते शून्य केलं. सॉकेटं राहू देतो तशीच.